मेण लावलेलं शेवटचं प्रकरण

कवळीवाल्यांविषयी मी लिहावं असं बाईंचं म्हणणं. बाई म्हणजे आमच्या रविवारच्या मंडळींतल्या एक, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. "तुमची त्यांची ओळख सगळ्यांत जुनी," असं त्या म्हणतात. जुनी आहे, पण खोल नाही. ते मूळचे कुठले, किती शिकले, त्यांना भावंडं होती की नव्हती, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. मी कधी विचारलं नाही आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते. मला माहीत आहेत ते त्यांचे रविवार, आणि त्यांतली एक गोष्ट जरा बऱ्यापैकी माहीत आहे. तीच लिहितो.

दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हे आपल्या खोलीत बसून त्यावर दात रचायचे. खोली दोन दुकानांमधल्या बोळात होती. खिडकीशी लांब बाक, त्यावर स्पिरिटचा दिवा, सुऱ्या, गुलाबी मेणाचे पातळ तुकडे. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि जबड्यांच्या मधेमधे पुस्तकं. पुस्तकं सगळी एकाच जातीची: ड्रॅगन, चेटकिणी, उडते किल्ले, बोलणारी अरण्यं. माझी नवी कवळी टोचत होती म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे धाडलं. ते ती घासत होते तोवर मी एक पुस्तक काढून चाळत बसलो.

"आवडलं तर न्या घरी," ते मान वर न करता म्हणाले. "फक्त शेवटचं प्रकरण उघडू नका."

पाहिलं तर शेवटची पानं तिन्ही कडांनी गुलाबी मेण लावून बंद केलेली.

हा उद्योग वहिनींमुळे, म्हणजे त्यांच्या बायकोमुळे, सुरू झाला होता. त्यांना धीर म्हणून नव्हता. पुस्तक हातात पडलं की आधी शेवट वाचायचा आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात करायची. तोंडाने एक शब्द सांगायच्या नाहीत, पण कुणी मरणार असलं की त्याचं नाव आल्याबरोबर त्यांचा चेहरा असा व्हायचा की आम्हाला सगळं कळायचं. शेवटी कवळीवाल्यांनी मेण आणलं. रविवारी आम्ही जमायचो: मी, बाई, सिटी बस चालवणारे आमचे ड्रायव्हरसाहेब आणि ती दोघं. पुस्तक आळीपाळीने घरोघर फिरायचं. सगळे शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचले की कवळीवाले सुरी तापवून मेण सोडवायचे आणि ते प्रकरण मोठ्याने वाचायचे. सगळे पोहोचल्याशिवाय मेण काढायचं नाही, हा नियम.

झोपलेल्या ड्रॅगनच्या पाठीवर वसलेल्या गावाची एक मोठी कादंबरी आम्ही कित्येक वर्षं वाचत होतो. तो जागा होणार की नाही, एवढा एकच प्रश्न, आणि त्यासाठी खंडावर खंड. शेवटचा खंड चालू असताना वहिनी आजारी पडल्या. दवाखान्यात त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी उघडा ते." हे म्हणाले, "घरी ये, मग उघडू." त्या घरी आल्या नाहीत.

त्यानंतर त्या पुस्तकाचं मेण तसंच राहिलं. ड्रायव्हरसाहेब अधूनमधून चुळबुळायचे. "दुकानात मिळतं हो ते. जाता जाता उचलून आणतो एखादं." बाई डोळे वटारायच्या. कवळीवाले शांतपणे म्हणायचे, "सगळे पोहोचले नाहीत अजून." आम्ही दुसरी पुस्तकं वाचायचो. ड्रॅगन आपला झोपलेला.

मग एका रविवारी ड्रायव्हरसाहेब आत आले ते हसतच.

"आपल्यासारख्या वेड्यांसाठी म्यूझियम निघालंय. माझ्याच रूटवर. जुन्या बर्फाच्या कारखान्यात."

"वेड्यांसाठी म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"अद्भुत कादंबऱ्या जमवणाऱ्यांसाठी. पाटीवर तसंच लिहिलंय. कोण कशी जमवतं, कुठे ठेवतं, काय काय चाळे करतं, ते सगळं मांडणार."

"पुस्तकं काचेत ठेवायची?" बाई म्हणाल्या. "मग वाचायची कुणी? ही तर भरलेल्या ताटाला कुलूप लावायची तऱ्हा."

"अहो बाई, वाचायला लायब्ररी आहे की. हे बघायला. मला तर बघायचंय, माझ्याहून बिघडलेलं कुणी आहे का ते."

"ते अवघड आहे."

मीही विचारलं, एका माणसाची पुस्तकं तिथे एकत्र ठेवतात की विषयवार फोडतात? कुणाला माहीत नव्हतं. कवळीवाले इतका वेळ एका दाढेला कानस लावत होते. ते म्हणाले, "मेणासकट घेत असतील का?"

त्यांच्या मनात काय आहे ते तिथल्या तिथे कळलं. त्यांच्यामागे पुस्तकं सांभाळणार कोण? त्यांची मुलगी लांबच्या गावी, तिच्या घरात या फळ्या मावायच्या नाहीत. आणि तो खंड काचेत गेला असता तर मेण कायमचं राहिलं असतं. उघडायचं की नाही, हा रोजचा घोर तरी संपला असता.

"पण मग तुम्हाला शेवट कधीच कळणार नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"तिला तरी कुठे कळला?"

ते तो खंड पिशवीत घालून निघाले, त्यांच्याबरोबर मी गेलो. बर्फाच्या कारखान्याच्या भिंती जाड आणि आत अजून गारवा होता. एका काचेत कुणीतरी आपली सगळी पुस्तकं पुठ्ठ्याच्या रंगाप्रमाणे लावलेली, दुसऱ्या काचेत एका नावाड्याची ओली होऊन फुगलेली. एका बाईने प्रत्येक चेटकिणीसाठी विणलेली टोपी पुस्तकांवर घातली होती. कवळीवाले प्रत्येक काचेपाशी वाकून पाहत होते, लहान मुलासारखे. "बघा, बघा, याने नकाशे कापून भिंतीला लावले होते. मूर्ख!" असं म्हणून परत त्याच काचेकडे वळले.

तिथली सांभाळणारी मुलगी हुशार होती. मेण लावलेला खंड पाहून तिचे डोळे चमकले. "आजोबा, असं मी कुठेच पाहिलं नाही. हा मधोमध ठेवू. अगदी असाच, बंद." मग तिने कडेवरून सावकाश भिंग फिरवलं आणि ती म्हणाली, "हा अंगठा तुमचा का?"

"कुठला अंगठा?"

तिने भिंग त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही बघा." खालच्या कडेला मेणाचा रंग किंचित वेगळा होता आणि त्यावर एक लहानसा अंगठा उमटला होता.

"हे माझं काम नाही," ते म्हणाले. "मी गरम सुरीने गुळगुळीत करतो. हे कुणीतरी मेणबत्तीवर मऊ करून दाबलंय."

मुलगी म्हणाली की त्यामुळे तर वस्तूचं मोल आणखी वाढलं. पण त्यांनी खंड उचलून पिशवीत घातला. "वाचून झालं की आणून देतो," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी बाईंनी शंका काढली. "कशावरून वहिनीच? धूळ पुसताना कुणाचाही अंगठा लागतो."

"थंड मेणावर ठसा उमटत नाही, बाई. त्यासाठी ते आधी तापवावं लागतं," कवळीवाले म्हणाले.

"म्हणजे वहिनींनी आपल्याला सगळ्यांना मस्त बनवलं!" ड्रायव्हरसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "आणि चेहरा? चेहऱ्यावर काही दिसलं नाही कसं?"

"शिकली असेल," कवळीवाले म्हणाले. मग दिवा पेटवता पेटवता, "ती कधीच पोहोचली होती. मागे राहिलो ते आपणच."

मेण सोडवायला वेळ लागला. इतक्या वर्षांत त्यातलं तेल कागदात उतरलं होतं. पानं इतकी पारदर्शक झालेली की मागची अक्षरं पुढच्या ओळींत मिसळत होती. दातांचं मेण पुस्तकाला लावायचं नसतं हे त्यांच्यासारख्याला कळायला हवं होतं, असं बाई पुटपुटल्या. मी प्रत्येक पानामागे कोरा कागद धरला आणि त्यांनी वाचलं. मधे अडत, एखादी ओळ पुन्हा घेत. ड्रॅगन जागा होतो. एवढंच सांगतो, पुढचं तुम्हीच वाचा.

प्रकरण संपलं. मग ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "एवढ्यासाठी इतकी वर्षं?"

"तिलाही आवडलं नसणार," कवळीवाले म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणून तर मला उघडा म्हणत होती. भांडायला कुणीतरी हवं होतं तिला."

त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलीने सगळी पुस्तकं म्यूझियमला दिली. तो खंड आता तिथे उघडा ठेवलाय म्हणतात. मला अजून जाववलं नाही.

त्या वाचनाच्या रविवारी सगळ्यांत शेवटी मी निघालो. ते बाकावरचं मेण खरवडत होते.

"काय हो, आता पुढे काय घ्यायचं वाचायला?" त्यांनी विचारलं.

"बघतो की."

"जाडसं बघा."

"बरं."

"आणि दार ओढून घ्या जाताना."