मुहूर्ताच्या दिव्याची भंगारचिठ्ठी

हिंगण्याच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती कॉम्प्युटरमुळे, आणि सहा महिन्यांत जायची पाळी आली तीही त्याच्यामुळेच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं. वडील गिरणीत. आई सही शिकली ती मी चौथीत असताना, माझ्याकडून. त्या घरात मी बी.एस्सी. झाले. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते.

कारखान्यात कॉम्प्युटर एकच, स्टोअरला लागून काचेच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं. सुट्या भागांची यादी ठेवायला एक नवा प्रोग्रॅम, स्टोअरच्या वहीतल्या नोंदी आत भरूनच, फ्लॉपीवर आला होता, तो चालवणं हे माझं काम. आणि तो चालेना. सुरू व्हायचा, अर्ध्यात थांबायचा, मेमरी पुरत नाही असं लिहायचा.

मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितलं, "शनिवारपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर मशीन परत पाठवतो. तुमची पोस्ट मशीनपुरतीच आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. शनिवारला चार दिवस होते.

मशीन चालू केली की पडद्यावर प्रोग्रॅमांच्या नावांची यादी यायची. त्यातली निम्मी नावं मेलेली. प्रोग्रॅम केव्हाच गेलेला, नाव मागे उरलेलं. निवडलं की 'अशी फाइल नाही'. पण खरी अडचण यादीच्या आधीची होती. मशीन सुरू होताना सहा प्रोग्रॅम आपोआप चालू होत आणि मेमरीत ठाण मांडून बसत. कोपऱ्यातलं घड्याळ, कॅलेंडर, गणकयंत्र, बटण दाबलं की टकटक आवाज करणारं एक खूळ, आता नसलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम. आणि सहावा, दिवा. मशीनच्या मुहूर्ताला मुंबईच्या इंजिनिअरनं नारळ फुटल्यावर तो बसवून दिला होता. फुल्याफुल्यांनी काढलेली समई पडद्यावर उजळायची आणि आरतीची चाल वाजायची.

त्या चारातल्या पहिल्याच दिवशी मी यादीतलं एक मेलेलं नाव खोडलं. स्टोअरकीपर काका मागे उभेच होते. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस.

"काय करून राहिली वं पोरी? चिठ्ठी कुठं हाये?"

"कसली चिठ्ठी?"

"भंगाराची! इथून तुटका बोल्ट बी माह्या सहीशिवाय जात नाई. टाक ते परत."

परत टाकलं. माझ्या आधीच्या कुणी काही का काढलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. बरं, चिठ्ठी तर चिठ्ठी. स्टोअरातून भंगारचिठ्ठ्यांचं बुक आणलं आणि बसले भरायला. वस्तूचं नाव: घड्याळ, पडद्यावरचं. अवस्था: चालू, पण नको. वजनाच्या रकान्यापाशी अडले.

"निरंक लिही," काका म्हणाले. "अन् गंज?"

"नाही."

"मंग काहून काढतं?"

"काका, जेवायच्या टेबलावर सहा जण डबे पसरून बसले आहेत. कुणी जेवत नाही, नुसते बसलेत. सातव्यानं ताट कुठं मांडायचं?"

"बी.एस्सी.त हेच शिकवते काय?" म्हणाले. पण सही केली.

सुरुवातीच्या प्रोग्रॅमांची ती फाइल मी आधी कागदावर उतरवली, मग फ्लॉपीवर तिची नक्कल ठेवली. तिच्यातलं काहीच पुसलं नाही. एकेका ओळीच्या आधी खूण टाकायची म्हणजे मशीन ती ओळ सोडून देते. एक ओळ, मशीन बंद, मशीन चालू, सगळं ठीक का ते बघायचं, मग पुढची. घाई केली असती तर कुठल्या ओळीनं काय बिघडलं ते कळलं नसतं. मेलेल्या नावांनी मेमरी अडत नव्हती, पण सगळी एका चिठ्ठीवर लिहून तीही साफ केली.

शुक्रवारी दुपारपर्यंत पाच प्रोग्रॅम गेले. नवा प्रोग्रॅम पुष्कळ पुढे गेला, पण थोडक्या मेमरीसाठी अडला. राहिला दिवा.

दिव्याची चिठ्ठी काकांनी हातातही घेतली नाही. "मुहूर्ताचा दिवा हाये तो. त्याले हात नको लावू."

खोलीत आणखी दोन कारकून होते. एक जण हळूच बोलला, "हिला कसला दिवा नि कसली आरती." ऐकू यावं इतपत हळू.

मी उठले. "ऐकलं मी. काका, मीच दिवा काढला तर लोक काय म्हणतील ते आत्ताच कळलं. म्हणून तुमच्या समोर करते, लपून नाही. आधी बघा, मग सही करा नाहीतर नका करू."

दिव्यासकट चालवून दाखवलं: अडला. दिव्याच्या ओळीआधी खूण टाकली, मशीन पुन्हा लावली. काका उभेच. प्रोग्रॅम पूर्ण उघडला.

"विचारा कुठलाही भाग."

त्यांनी मुद्दाम एका जुन्या वॉशरचा नंबर सांगितला. पडद्यावर रॅक आणि खण आला. काका बाहेर गेले, चपला घालून थेट स्टोअरात. परत आले ते वॉशर मुठीत घेऊन.

"हाये," म्हणाले. मग त्या कारकुनाकडे वळले. "तुझ्या घरी समई चोवीस तास जळते काय गा? संध्याकाळी लावते, तेल सरलं की विझते. दसऱ्याले लावून देईल ही." माझ्याकडे बघून, "देशील ना?"

"यादीत नाव ठेवते. ज्या दिवशी हवा त्या दिवशी लावा."

त्यांनी सही केली.

शनिवारी साहेबांनी तीन-चार नंबर विचारून पाहिले. "छान. मशीन राहील."

"आणि मी?"

"तुम्हीही, अर्थात."

"लेखी द्या, साहेब."

ते हसले. मी हसले नाही, टेबलापुढून हललेही नाही. शेवटी त्यांनी टायपिस्टला हाक मारली.