बाहेर थांबणारे बाप

आमच्या शहरातल्या मेहरूण भागात एका शाळेत महिन्यातून एका रविवारी आमची बैठक भरते. ज्यांची मुलं चालत नाहीत, बोलत नाहीत, ज्यांना फिट्स येतात, असे आईबाप तिथं जमतात. सुरुवातीला आत आयाच बसायच्या. बाप गाडीवरून त्यांना सोडायचे आणि समोरच्या चहाच्या टपरीवर थांबायचे. मीही त्यांच्यातलाच. माझा मुलगा तेव्हा मान धरू लागला होता, बसत नव्हता. त्याला कडेवर घेऊन बायको आत जायची, मी पेपर उघडायचो.

टपरीवर केळीचे भाव निघायचे, कापूस निघायचा, उखडलेले रस्ते निघायचे. मुलांचा विषय कुणी काढत नसे.

चोपड्याकडचे एक केळी उत्पादक शेतकरी नेमाने यायचे. वयाने माझ्यापेक्षा थोडे मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, तेही मला भाऊच म्हणायचे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती, तिला उचलूनच न्यावं लागे. एकदा चहा संपल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "भाऊ, तुमना पोऱ्या रातले झोपस का?"

"नाही," मी म्हणालो. "सारखा उठतो. मग मी त्याला घेऊन गच्चीवर फेऱ्या मारतो."

"मी ओटावर मारस," ते म्हणाले.

बाकावरच्या आणखी एकाने मान वर केली. त्याच्याकडेही तेच होतं. त्या दिवशी आम्ही पुन्हा चहा मागवला. पुढच्या खेपांना कोणत्या औषधाने मूल सुस्त पडतं, उचलताना कंबर कशी सांभाळायची, लग्नात नातेवाइकांनी विचारलं तर काय सांगायचं, असं बोलणं व्हायला लागलं. मी ते घरी जाऊन बायकोला सांगायचो. तिला बहुतेक सगळं आधीच माहीत असायचं.

थंडीत भाऊंची मुलगी न्यूमोनियाने गेली. आम्ही काही जण चोपड्याला जाऊन आलो. ते ओट्यावर बसले होते. काही दिवसांनी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून कुणीतरी भाऊंचा आणि त्यांच्या बायकोचा नंबर काढला. इतरांच्या मुलांचे फोटो बघून त्यांना त्रास नको, एवढाच हेतू. मलाही ते बरोबर वाटलं होतं.

मग भाऊंचा फोन आला.

"भाऊ, आमले काढी टाकं का?"

मी त्रासाचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "आमनी पोर नही राहिनी, म्हनीसन आमी बी नही का?"

मी ते बायकोला सांगितलं. तिने तेव्हाच दोन-तीन फोन केले आणि नंबर परत घालून घेतले.

पुढच्या रविवारी दोघं आले. भाऊ टपरीकडे न वळता वहिनींबरोबर आत गेले, म्हणून मीही गेलो. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. कुणी बोलेना. एका बाईने तर आपल्या मुलीला पदराआड घेतलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "गप का बसन्यात माय? सांगा ना, कोन काय खास-पेस, कोन बसाले लागनं. माले तेच ऐकनं शे."

तेव्हा कुठे हळूहळू बोलणं सुरू झालं. मी पहिल्यांदाच बायकोला आमच्या मुलाविषयी परक्या माणसांसमोर बोलताना ऐकलं. काही गोष्टी मला नवीन होत्या.

मार्चमध्ये धुळ्याहून एक जोडपं आलं. त्यांना मुलीचं निदान नुकतंच कळलं होतं. ती बाई वहिनींशेजारी बसली आणि तिने सहज विचारलं, "तुमचं मूल कुठंय?"

"पोर व्हती. गयी थंडीमा," वहिनी म्हणाल्या.

ती बाई उठली आणि मुलीला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात धुळ्याचं जोडपं आलं नाही. आम्ही ते गृहीतच धरलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यात ते आले. ती बाई दारात थोडी थबकली, मग सरळ वहिनींकडे गेली. "अक्का, जेवण भरवताना हिला ठसका लागतो. मला फार भीती वाटते," ती म्हणाली. वहिनींनी तिच्या मुलीला मांडीवर घेतलं आणि पाठ कशी टेकवायची ते दाखवू लागल्या.

आता त्या दोघी रोज फोनवर बोलतात, असं भाऊ सांगतात. काय बोलतात ते भाऊंनाही माहीत नाही.