बदामाचं शेवटचं पान

गैबीसाब तरुणपणी मालवाहू जहाजावर होता. तिथं शिकलेला पोकर त्यानं सोलापुरात ट्रकवाल्यांना शिकवला. हातात दोन पानं, मधे सगळ्यांची तीन उघडी, मग आणखी दोन उघडायची. धाकटा भाऊ इसूफ त्याचा पहिला चेला. दोघांत मिळून एक ट्रक होता.

"ज्या जागंवर पानं बघायच्या आत अर्धी बोली भरावी लागती, तिथं पयलं बोलायचंबी तुलाच हाय," गैबीसाब सांगायचा. "तवा उघडी पानं एका रंगाची नायतर लागोपाठची दिसली, तर डाव सोड. भरलेलं गेलं समज."

एकाहत्तर साली एका रविवारी दुपारी नेमकी तीच जागा इसूफकडं आली. मधे बदामाची अठ्ठी, नव्वी आणि इस्पिकची दश्शी. इसूफच्या हातात दोन राजे होते. त्यानं ट्रकमधला आपला हिस्साच लावला. बाकीच्यांनी पानं टाकली. गैबीसाबच्या हातात दोन बदाम होते. त्यानंही डाव सोडला असता तर भाऊ वाचला असता. पण तो खेळला. शेवटचं पान बदाम आलं, पाच बदाम जुळले आणि राजांची जोडी हरली.

"हिस्सा तुजाच हाय रं," गैबीसाब घाबरून म्हणाला.

"समोर मी हाय हे बगून खेळला की, भाई. आता ठेवा तुमालाच," म्हणत इसूफ उठला.

तो टेंभुर्णीला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राहिला. गैबीसाब कितीदा गेला, पण इसूफ त्याच्याशी बोलला नाही. पुढं आई, कमरुन्निसा, वारली. दोघांनी शेजारी उभं राहून खांदा दिला. माती टाकून इसूफ तिथूनच स्टँडकडं निघाला. कबरस्तानाच्या दारातून गैबीसाब त्याला हाका मारत राहिला.