कुल्कोव्होचं चोरीचं न्हाणीघर

कुल्कोव्होत नऊ घरं, अकरा माणसं आणि दोन बकऱ्या. एके दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून कागद आला: गाव शंभर वर्षांहून जुनं असल्याचा लेखी पुरावा महिनाअखेर द्या, नाहीतर ते शेजारच्या गोरेलोव्होत सामील करून त्याचं नाव यादीतून काढलं जाईल. गावाचं दप्तर तर कोल्खोझच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, कचेरीला आग लागली तेव्हाच जळालं होतं. बैठकीत दहाही जण एकदम बोलले. येवस्ताफी लुकिच तेवढा गप्प बसला, म्हणून इतिहास लिहिण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

येवस्ताफीने पन्नास वर्षं घराघरांत भट्ट्या बांधल्या होत्या. त्याच्या भट्टीचा धूर कधी आत कोंडला नाही. चार माणसांपुढे त्याचे शब्द मात्र आतच कोंडत. त्याने लिहिलं, ‘आमचं गाव फार जुनं आहे.’ मग ‘फार’ खोडलं. दुसऱ्या दिवशी ‘जुनं’ही खोडावं की काय, असं त्याला वाटू लागलं.

शेवटी तो ग्लाफिरा मावशीकडे गेला. मावशी ऐंशीच्या पुढची, आणि तिचं ओंडक्यांचं, वाफेचं न्हाणीघर गावात सगळ्यात जुनं. एखाद्या ओंडक्यावर बांधल्याचं साल कोरलेलं सापडेल, एवढीच आशा. काजळी पुसता पुसता साल काही दिसलं नाही, पण सुताराने ओंडके क्रमाने रचण्यासाठी कोरलेले आकडे दिसले.

“मावशी, हे उलटं कसं? एक नंबर छपराखाली, बारा नंबर जमिनीला!”

“रचणाऱ्याला घाई असेल.”

“न्हाणीघर बांधायला कसली घाई?”

“बांधायला नाही रे, आणायला,” मावशी आवाज खाली आणून म्हणाली. “गोरेलोव्होवाल्यांनी नवंकोरं रचून वाळत ठेवलं होतं. नाताळात ते सगळे चर्चमध्ये उभे असताना माझ्या पणज्याच्या आज्याने, पान्क्रातने, ते सुटं करून घसरगाडीवर घातलं. कुठे बोललास तर वाफेला मुकशील!”

येवस्ताफीला एकदम आठवलं. गोरेलोव्होच्या शाळेतल्या संग्रहालयात चोरीची एक जुनी तक्रार काचेखाली ठेवलेली होती. ती सांभाळणारा झिनोवी दिसेल त्या कुल्कोव्होवाल्याला ती मोठ्याने वाचून दाखवी, म्हणून कुल्कोव्होचं कुणी तिकडे फिरकत नसे.

येवस्ताफी दुसऱ्या दिवशी गेला.

“या, या लुकिच! ओंडके परत आणलेत का?” झिनोवीने स्वागत केलं आणि घसा खाकरून वाचलं, “‘सन सतराशे चौऱ्याण्णव. कुल्कोव्हो गावच्या कुणा अनोळखी भुरट्यांनी आमचं न्हाणीघर नेलं...’”

“याची नक्कल मिळेल? शिक्का मारून?”

झिनोवीने आनंदाच्या भरात दोन शिक्के मारले.

नक्कल पाहून मावशी भडकली. “गाव जगवायला माझं घराणं चोर ठरवणार तू?”

“घराण्याचं नाव नाही, मावशी. ‘अनोळखी भुरटे’ एवढंच आहे.”

“भुरटे?” मावशी उठून उभी राहिली. “चारी भिंती, छप्पर, भट्टीचे दगड, सगळं एका प्रार्थनेत! हे भुरट्यांचं काम आहे? लिही तू. पान्क्रात सिसोयेविच. एकट्याने.”

“एकट्याने?”

“घोडी होती.”

येवस्ताफीने लिहिलं: ‘कुल्कोव्होचा पहिला लेखी उल्लेख चोरीच्या तक्रारीत आहे. चोरी खरी आहे.’ घोडीही घातली. या वेळी एक शब्द खोडला नाही. सगळा जिल्हा हसणार हे त्याला कळत होतं. कागद टपालपेटीत टाकताना त्याचे कान लाल झाले. जिल्हा हसला, पण नाव यादीत राहिलं.

त्या शनिवारी झिनोवी मावशीच्या अंगणात हजर झाला. हातात येवस्ताफीच्याच कागदाची नक्कल.

“लेखी कबुली आहे! आमचं न्हाणीघर परत द्या.”

न्हाणीघरात पुरुषांच्या आंघोळीची वेळ चालली होती. येवस्ताफीने दार उघडून डोकं बाहेर काढलं.

“तापलंय. गार झाल्यावर न्या.”

“गार कधी होणार?”

“सोमवारी.”

आतून वाफेत अंगावर मारायच्या भिजलेल्या बर्चच्या डहाळ्यांचा वास आला. झिनोवीने कागदाची घडी केली आणि कोटाची बटणं सोडायला लागला.

“आत येऊन सोडा हो!” येवस्ताफी ओरडला. “वाफ बाहेर चाललीय!”