ताटाची डावी बाजू

"आज चटणी नाही केलीस?" मी बायकोला, सुमनला विचारलं.

"अहो, डावीकडे बघा की!"

मान वळवली, तर मिठाशेजारी लसणाची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. मला काचबिंदू आहे. पण कालच डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब तपासून "ठीक आहे" म्हटलं होतं. "मग डोळ्याची नस का सुकतेय?" असं विचारल्यावर म्हणाले, "काका, दाब दिवसभर एकसारखा नसतो. इथे उतरलेला दिसतो, पहाटे चढत असेल."

म्हणजे माझा खरा दाब कोणता? दुखत तर काहीच नाही. दिसेनासं होणं म्हणजे काळोख, अशी माझी समजूत होती. निदान काळोख तरी दिसावा ना! मघाशी ताट मला अखंडच दिसत होतं. माणसाला काय दिसत नाही, हे त्याने कुठे बघायचं?

दुसऱ्या दिवशी सुमनने रीत मोडून चटणी उजवीकडे, भाजीशेजारी वाढली. ती मी चाटूनपुसून खाल्ली आणि स्वयंपाकघराकडे बघत हाक मारली, "सुमन, तूही ये ना जेवायला!"

"अहो, मी मघापासून इथेच बसलेय," डावीकडून आवाज आला.