पाककृतींच्या कपाटातले पदार्थविज्ञान

लिहिण्याचे धाडस प्रथमच करतो आहे, क्षमा असावी. शेवगावच्या वाचनालयात शिवणकाम करणाऱ्या एक बाई येतात. पदराला टोचलेली सुई काढण्याचे त्यांना भान नसते. मोबाईलवर भौतिकशास्त्राची व्याख्याने ऐकून अडलेले शब्द त्या वहीत टिपून आणतात. परवा पदार्थविज्ञानाचे एकमेव पुस्तक त्यांना पाककृतींच्या कपाटात सापडले.

"पदार्थ म्हटल्यावर तिथंच की! आन् कुनी वाचत न्हाई, रद्दीत चाललंय," ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले. "भाऊ, ह्यात मीठ कुठं घालायचं तेवढं दाखवा, मग खुशाल घाला रद्दीत. न्हाईतर लिवा माझं नाव."

ग्रंथपालांनी नोंदवहीत नाव लिहिले.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. ती चूक मला वर्षभर दिसत होती. माझ्या जागी तुम्ही असता, तर बोलला असता का?