मामाच्या धुतलेल्या बाटल्या

माझा मामा साबणसुद्धा धुऊन वापरतो, असं मामी म्हणते, आणि ते काही खोटं नाही. एकोणीस वर्षं तो नदी, तळी आणि टेकडीखालच्या झऱ्याच्या पाण्याचे नमुने गोळा करतोय. बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत येतात. पाण्यात जंतू किती, ते मी तपासते. झऱ्याच्या वरच्या अंगाला आता मोठा गोठा झालाय, नव्या घरांच्या संडासाच्या टाक्याही पाझरतात. तरी झऱ्याचा अहवाल दर महिन्याला स्वच्छ! मामाची छाती फुगायची. सगळी वस्ती त्याच्या भरवशावर ते पाणी पिते. माझी मामेबहीण बाळंतपणाला आलीये, नववा लागलाय. मामी तिलाही तेच पाजते.

परवा मामाचा गुडघा धरला, म्हणून त्याच्याऐवजी झऱ्यावर जायला मी त्याच्या घरी गेले. बघते तर हा मोरीत बसून आमच्या निर्जंतुक बाटल्या ब्लीच टाकून विसळतोय.

"मामा, हे काय?"

"अगं, तुम्हाला धड बाटल्या धुता येत नाहीत. तळाला पांढरी भुकटी तशीच! मी आहे म्हणून निभावतंय."

ती भुकटी आम्हीच घालतो, क्लोरीनचा अंश असला तर तो मारायला. मामा भुकटी काढून ब्लीचचा क्लोरीन ठेवत होता. जंतू वाटेतच मरत होते. आणि मी शहाणी, सात वर्षं डोळे मिटून सह्या ठोकत होते! स्वतःचीच लाज वाटली.

मी खूप बोलले त्याला. अहवाल येईपर्यंत पाणी उकळा, असं मामीला बजावलं आणि न धुतलेली बाटली भरून आणली.

काल सकाळी काचेची बशी उघडली. जंतूंचे निळे ठिपके इतके, की मोजायला जागाच नाही. मामीला फोन लावला.

"बरं झालं केलास. पोरीला पहाटेपासून जुलाब आणि ताप. पण घाबरू नकोस, दर तासाला पाणी पाजतेय."

"उकळून ना?"

"हे म्हणाले, आपल्या झऱ्याला काय झालंय?"

"मामी, पाजू नकोस! बशी भरलीये जंतूंनी!"

मागून मामाचा आवाज आला. "बाटली धुतली नव्हती ना तिनं? मग येणारच घाण. दे गं पोरीला, घसा सुकलाय तिचा."

आणि पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज मला फोनवर स्पष्ट ऐकू आला.